शिंगराचे दूध तोडणे

शिंगराचे दूध तोडणे म्हणजे घोडीच्या पिलाला (शिंगराला) आईच्या दुधापासून आणि सहवासापासून कायमचे वेगळे करणे होय. पाळीव घोड्यांमध्ये ही क्रिया बहुधा शिंगरू ४ ते ६ महिन्यांचे असताना केली जाते. आहार, सोबत आणि निवारा या तिन्ही गोष्टी एकाच वेळी बदलत असल्यामुळे शिंगराच्या आयुष्यातील हा सर्वाधिक ताणाचा काळ मानला जातो. घोडीलाही त्याचा त्रास होतो.

नैसर्गिक क्रम

घोडीचा गर्भकाळ सुमारे ११ महिन्यांचा असतो. जन्मानंतर पहिल्या काही तासांत मिळणाऱ्या चिकातून शिंगराला रोगप्रतिकारशक्ती लाभते. पहिल्या काही आठवड्यांतच ते आईचे पाहून गवत चघळू लागते. घोडीचे दूध पहिल्या दोन महिन्यांत सर्वाधिक असते. पुढे ते कमी होत जाते. मोकळ्या कळपातील घोडी साधारणतः ९ ते ११ महिन्यांनी, पुढील वेताच्या सुमारास, शिंगराला स्वतःच अंगावर पिऊ देईनाशी होते. मात्र त्यानंतरही शिंगरू कळपात आईच्या आसपासच राहते. सहा महिन्यांच्या शिंगराची दुधाची गरज बरीच कमी झालेली असते. म्हणून अकाली ताटातुटीत दुधापेक्षा सोबत तुटण्याचा आघात मोठा ठरतो.

शिंगरावरील परिणाम

एकाएकी वेगळे केलेले शिंगरू सतत खिंकाळते, कुंपणालगत येरझाऱ्या घालते आणि चारा सोडते. रक्तातील कॉर्टिसोल या संप्रेरकाचे प्रमाण वाढते व काही दिवस वजनवाढ खुंटते. कुंपण ओलांडण्याच्या प्रयत्नात इजा होण्याचाही धोका असतो. लाकडाला दात लावून हवा ओढण्याची खोड पुष्कळदा याच सुमारास जडते. ब्रिटनमध्ये २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, तबेल्यात कोंडून दूध तोडलेल्या शिंगरांमध्ये अशा खोडी कुरणात तोडलेल्यांपेक्षा अधिक आढळल्या. दूध तोडल्यानंतर भरपूर खुराक देणे हेही या खोडीशी निगडित असल्याचे दिसून आले.

घोडीवरील परिणाम

घोडी शिंगराला साद घालते, अस्वस्थ होते आणि तिची कास ताठरते. दूध आटण्यास साधारणतः एक ते दोन आठवडे लागतात. या काळात दूध पिळून काढू नये, कारण त्यामुळे दूध पुन्हा उतरते. काही दिवस चंदी कमी करून घोडीला फिरण्यास मोकळीक दिल्यास कास लवकर उतरते. कास गरम लागल्यास, दुखत असल्यास किंवा घोडीला ताप आल्यास कासदाहाची शक्यता लक्षात घेऊन पशुवैद्यकास दाखवावे.

पद्धती

एकाएकी पद्धतीत माय-लेकरांना एकदम दूर नेले जाते. क्रमवार पद्धतीत वेगळे ठेवण्याचा वेळ रोज थोडा वाढवतात किंवा मध्ये भक्कम कुंपण घालून त्यांना एकमेकांना पाहू व हुंगू देतात. कळपातून एकेक घोडी काढून नेणे ही आणखी एक पद्धत होय. तीत शिंगरे ओळखीच्या सोबत्यांतच राहतात. शांत स्वभावाचे प्रौढ घोडे सोबतीला असल्यास शिंगरांचा ताण कमी होतो, असे अभ्यासांत आढळले आहे. शिंगराला एकटे कोंडणे सर्वांत हानिकारक समजले जाते.

कर्जत व खालापूर परिसर

रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातील माथेरान येथे दस्तुरी नाक्यापुढे मोटारगाड्यांना बंदी असल्यामुळे पर्यटकांच्या व मालाच्या वाहतुकीसाठी घोड्यांचा वापर दीर्घकाळ होत आला आहे. बोरघाटापलीकडे पुणे परिसरात शर्यतीच्या घोड्यांची पैदास केंद्रे आहेत. शर्यतीच्या घोड्यांचे वय भारतात १ जानेवारीपासून मोजले जात असल्याने शिंगरे वर्षारंभी जन्मावीत असा प्रयत्न असतो. साहजिकच जानेवारी ते मार्चमध्ये जन्मलेल्या शिंगराचे दूध सहाव्या महिन्यात तोडायचे झाल्यास तो काळ ऐन पावसाळ्यात येतो. सह्याद्रीच्या पायथ्याच्या या अतिपर्जन्याच्या पट्ट्यात निसरडी जमीन, चिखलाने खराब होणारे खूर आणि भिजलेला चारा यांची त्यात भर पडते. त्यामुळे कोरडा गोठा, मजबूत कुंपण आणि साठवलेले सुके गवत यांची तजवीज आधीच करावी लागते. शक्य असल्यास पाऊस ओसरेपर्यंत थांबणे हिताचे ठरते.

घोडीवरच पोट असलेल्या मालकाला तिला लवकर कामावर न्यावे लागते. अशा वेळी शिंगराला सोबतीसह काही काळ मागे ठेवून तो काळ हळूहळू वाढवणे, हा क्रमवार पद्धतीचाच सुलभ प्रकार होय.

पूर्वतयारी

- दूध तोडण्यापूर्वी सुमारे महिनाभर शिंगराला स्वतंत्र चारा व खुराक खाण्याची सवय लावावी.
- मोरखी घालणे, खरारा करणे व खूर उचलून देणे आधीच शिकवावे.
- जंतनाशक औषध, लसीकरण, खच्चीकरण व लांबचा प्रवास त्याच आठवड्यात टाळावा.
- आजारी किंवा अशक्त शिंगराचे दूध तोडणे लांबणीवर टाकावे.

नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेडा येथे दत्तजयंतीला भरणाऱ्या घोडेबाजारासारख्या ठिकाणी शिंगरू न्यायचे असल्यास दूध त्याआधी बरेच दिवस तोडलेले असावे. अन्यथा ताटातूट, प्रवास आणि अनोळखी गर्दी हे तिन्ही आघात त्याच्यावर एकाच वेळी होतात.