देश जोडला, माणसं घडवायची राहिली

आज इटली हा एक देश आहे. पण दोनशे वर्षांपूर्वी त्याचे अनेक तुकडे होते. प्रत्येक राज्याचा राजा वेगळा, जकात वेगळी. उत्तरेचा मोठा मुलूख तर ऑस्ट्रियाच्या ताब्यात होता.

अशा काळात, १७९८ साली, तुरिन शहरात एका सरदार घराण्यात मास्सिमो दाझेलिओ जन्मले. तरुणपणी ते रोमला जाऊन चित्रकला शिकले. सरदाराच्या मुलानं चित्रं विकून पोट भरायचं, हे तेव्हा कमीपणाचं समजत. त्यांनी ते मनावर घेतलं नाही.

१५०३ साली बार्लेत्ता इथं १३ इटालियन स्वारांनी १३ फ्रेंच स्वारांना हरवलं होतं. त्याचं चित्र काढताना दाझेलिओंना वाटलं, ही गोष्ट लिहिली तर जास्त लोकांपर्यंत जाईल. १८३३ मध्ये त्यांची 'एत्तोरे फिएरामोस्का' ही कादंबरी आली. राजकारणावर उघड लिहिलेलं सरकार छापू देत नसे. जुन्या लढाईची गोष्ट मात्र छापता आली, आणि वाचणाऱ्यांना त्यातला अर्थ बरोबर कळला.

१८४८ मध्ये ऑस्ट्रियाविरुद्ध लढताना त्यांच्या गुडघ्याला गोळी लागली. पुढच्याच वर्षी ते तुरिनच्या राज्याचे पंतप्रधान झाले. आजूबाजूचे राजे लोकांना दिलेली राज्यघटना काढून घेत होते. या राज्यानं ती टिकवली. पाद्र्यांसाठी वेगळी न्यायालयं होती, ती १८५० मध्ये बंद केली. गुन्हा कोणाचाही असो, न्यायालय एकच! १८५२ मध्ये त्यांच्या जागी काव्हूर आले आणि १८६१ मध्ये इटलीचं एक राज्य झालं.

दाझेलिओ १८६६ मध्ये वारले. त्यांच्या आठवणी पुढच्या वर्षी छापल्या गेल्या. त्यात त्यांची खंत आहे: देश नवा झाला, माणसं मात्र जुनीच राहिली. कोणी वाहवा करो न करो, आपलं काम चोख करणारी माणसं घडल्याशिवाय देश उभा राहत नाही.

खंत खरीच होती. तेव्हा शंभरातल्या पंच्याहत्तरांहून जास्त इटालियनांना लिहिता-वाचता येत नव्हतं. बायकांना तर देशाच्या निवडणुकीत मत द्यायला १९४६ साल उजाडावं लागलं.

मैत्रिणींनो, नकाशावर देश होतो, तसा नोंदवहीत गटही होतो. त्यापुढचं काम रोजचं असतं. आपल्या गटात अजून अंगठा कोण उठवतं? येत्या बैठकीत तिच्या हाती पेन देऊ या.