हेडलाइट पिवळी पडली? घरच्या घरी साफ करा, पण शेवटची पायरी सोडू नका

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरमध्ये रात्री फलटणहून साताऱ्याला येत होतो. गाडी वडिलांची, 2012 ची हॅचबॅक. पुढे उसाची ट्रॉली होती, मागे ना लाइट ना रिफ्लेक्टर. ती दिसली तेव्हा ब्रेक मारायला जेमतेम जागा उरली होती. शेजारी बसलेले बाबा तेव्हा काहीच बोलले नाहीत. घरी आल्यावर एवढंच म्हणाले, "बल्ब बदलून घे."

बल्ब बदलला, फरक शून्य. मग व्हिडिओ बघून टूथपेस्ट घासली. हेडलाइट चकाचक झाली, आणि दोन महिन्यांत आधीपेक्षा जास्त पिवळी पडली. असं का झालं ते शोधत गेलो आणि शेवटी योग्य पद्धत सापडली. तीच इथे सांगतोय.

काच पिवळी का पडते?

आपण तिला काच म्हणतो, पण ते पॉलिकार्बोनेट नावाचं प्लास्टिक असतं. वजनाला हलकं, दगड लागला तरी सहसा फुटत नाही. पण त्याचे दोन वीक पॉइंट आहेत: त्यावर ओरखडे पटकन पडतात आणि उन्हातल्या अतिनील किरणांनी ते पिवळं पडतं. म्हणून कंपनी त्यावर एक पातळ, कडक संरक्षक थर देते. वर्षानुवर्षं ऊन, धूळ आणि पाऊस खाऊन हा थर झिजतो, मग खालचं प्लास्टिक उघडं पडतं आणि खराब व्हायला लागतं.

नुकसान दुहेरी होतं. रस्त्यावर प्रकाश कमी पडतो, आणि जो पडतो तो विखुरतो. म्हणजे तुम्हाला कमी दिसतं आणि समोरच्याच्या डोळ्यांवर मात्र जास्त येतं. अमेरिकेतल्या ट्रिपल ए या वाहनचालकांच्या संघटनेने 2018 मध्ये याची चाचणी केली होती. पिवळ्या, धुरकट हेडलाइटमधून नव्याच्या तुलनेत फक्त 20 टक्क्यांच्या आसपास प्रकाश मिळत होता. साफ केल्यावर तो सुमारे 70 टक्क्यांपर्यंत आला. म्हणजे घरी केलेल्या कामाने हेडलाइट नवीन होत नाही, पण फरक खूप मोठा पडतो.

आधी हे तपासा

हेडलाइटवर पाणी ओता. ओली असताना काच स्वच्छ दिसली आणि वाळल्यावर पुन्हा धुरकट झाली, तर खराबी बाहेरच्या बाजूला आहे. बारीक ओरखड्यांमध्ये पाणी भरतं, म्हणून प्रकाश कमी विखुरतो. अशी हेडलाइट घरी सुधारते.

पाणी ओतूनही काहीच फरक पडला नाही, आतून बाष्प धरलेलं असेल, किंवा आतला चकचकीत रिफ्लेक्टर काळवंडला असेल, तर बाहेरून कितीही घासून उपयोग नाही. तेव्हा गॅरेज गाठा.

काय काय लागेल?

- वॉटर पेपर: 800, 1200 आणि 2000 नंबर (पेंटच्या दुकानात मिळतात)
- मास्किंग टेप
- स्प्रे बाटलीत पाणी, त्यात दोन थेंब शाम्पू
- मायक्रोफायबर कापड, दोन-तीन
- आयसोप्रोपिल अल्कोहोल
- हेडलाइटसाठीचा, डब्यावर 'यूव्ही' लिहिलेला क्लिअर कोट स्प्रे
- नाकाला मास्क आणि हातमोजे

सगळं मिळून साधारण हजार रुपयांच्या आसपास जातात. नवीन हेडलाइटचा खर्च साध्या गाडीलाही याच्या कितीतरी पट येतो.

कृती

1. गाडी सावलीत लावा. लाइट बंद आणि गार हवेत. हेडलाइट शाम्पूने धुऊन पुसा. माती राहिली तर पेपरखाली तीच ओरखडे पाडते.

2. भोवतीच्या रंगावर मास्किंग टेपचे दोन थर लावा. इथे आळस केलात तर बोनेटचा रंग जाईल.

3. 800 चा पेपर दहा मिनिटं पाण्यात भिजवा. मग हेडलाइट सतत ओली ठेवून आडव्या दिशेने, हलक्या हाताने घासा. सुरुवातीला पिवळसर पाणी निघेल, ती जुन्या थराची घाण. पांढरं पाणी यायला लागलं आणि काच सगळीकडे सारखी दिसली की थांबा.

4. आता काच दुधासारखी पांढरी दिसेल. घाबरू नका, असंच व्हायला हवं. मी पहिल्यांदा इथेच हादरलो होतो.

5. 1200 ने उभ्या दिशेने घासा. दिशा बदलल्यामुळे आधीचे आडवे ओरखडे गेले की नाही ते लगेच कळतं. मग 2000 ने पुन्हा आडवं. प्रत्येक पेपरनंतर काच धुवा.

6. पूर्ण वाळवा आणि अल्कोहोलने पुसा. त्यानंतर बोट लावू नका.

शेवटची पायरी: नवा थर

बहुतेक जण इथेच चुकतात. घासताना तुम्ही कंपनीचा उरलासुरला थरसुद्धा काढून टाकलेला असतो. प्लास्टिक आता उघडं आहे. तसंच सोडलंत तर ते आधीपेक्षा लवकर पिवळं पडेल. माझ्या टूथपेस्टच्या प्रयोगात नेमकं हेच झालं होतं.

गाडीचा बाकी भाग जुन्या वर्तमानपत्राने झाका. साधारण 20 ते 25 सेंटिमीटरवरून स्प्रेचा पहिला हात एकदम हलका मारा, नुसता शिंतोडा. दहा मिनिटांनी दुसरा, मग तिसरा. पांढुरकी काच डोळ्यांदेखत पारदर्शक होते. एकदम जाड मारला तर ओघळ येतात. जास्त वारा किंवा धूळ असेल त्या दिवशी हे काम करू नका. नंतर एक दिवस पाणी लागू देऊ नका. डब्यावर वेगळा वेळ लिहिला असेल तर तो पाळा.

स्प्रे मारणार असाल तर त्याआधी रबिंग कंपाउंड लावू नका. गुळगुळीत, तेलकट काचेवर थर नीट धरत नाही. स्प्रे मारायचाच नसेल तर 3000 चा पेपर, मग कंपाउंड आणि त्यावर यूव्हीपासून वाचवणारा वॅक्स हा पर्याय आहे. पण वॅक्स दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा लावावा लागतो.

हे जुगाड टाळा

- टूथपेस्ट: त्यात बारीक घासणारी पूड असते, म्हणून वरवर चमक येते. संरक्षण काहीच मिळत नाही.
- डास पळवणारा स्प्रे: त्यातलं डीईईटी प्लास्टिकचा वरचा भाग चक्क विरघळवतं. तासाभराची चमक आणि कायमचं नुकसान.
- पेट्रोल, थिनर: पॉलिकार्बोनेटला बारीक तडे जातात.
- जास्त वॅटचा बल्ब: साधा एच4 बल्ब 60/55 वॅटचा असतो. धुरकट काचेमागे 100/90 चा लावला तर वायरिंग तापतं आणि समोरच्याचे डोळे दिपतात.

फरक फोनने मोजा

नुसता आधीचा आणि नंतरचा फोटो काढून तुलना करू नका. फोनचा कॅमेरा अंधारात स्वतःच उजेड वाढवतो. प्रो मोडमध्ये आयएसओ आणि शटर दोन्ही वेळा सारखेच ठेवा. अँड्रॉइड फोन असेल तर लक्स मीटरचं अ‍ॅपही चालेल. रात्री गाडी भिंतीसमोर पाच मीटरवर उभी करा, डिपर लावा आणि फोनची स्क्रीन लाइटकडे करून भिंतीवर ठरलेल्या जागी धरा. आकडा अगदी अचूक नसेल, पण तुलनेला पुरतो. माझ्याकडे तो दुपटीच्या पुढे गेला. इंजिन चालू ठेवून हे करत असाल तर बंद पार्किंगमध्ये करू नका.

काम झालं की फोनच्या कॅलेंडरमध्ये सहा महिन्यांनंतरचं रिमाइंडर लावा. पाण्याची चाचणी पुन्हा करा, आणि थर कुठे सुटायला लागलाय का ते बघा.

बाबांना मी यातलं काही सांगितलं नव्हतं. पुढच्या वेळी रात्री गाडी चालवून आले आणि म्हणाले, "बल्ब चांगला निघाला हा."