मोडशीचे कुळ आणि गोत्र

'मोडशी' हा शब्द आता आपल्या बोलण्यातून जवळजवळ गेलाच आहे. जुन्या माणसांच्या तोंडी कधीतरी येतो, तोही अजीर्ण, पोट बिघडणे एवढ्याच अर्थाने. एकेकाळी मात्र या शब्दाने कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर लोकांचे धाबे दणाणत असे. मोडणे या क्रियापदावरून तो आला, असे कोशकार सांगतात. धडधाकट माणूस सकाळी उभा असायचा आणि संध्याकाळपर्यंत मोडून पडायचा. पोर्तुगीजांनी तो आपल्याकडून उचलला आणि त्याचे 'मोर्देशी' केले. पुढे फ्रेंचांच्या कानी पडला तेव्हा त्यांनी त्याचा पार 'मोर द शियें' करून टाकला, म्हणजे कुत्र्याचे मरण! शब्दाचा मूळ अर्थ ठाऊक नसताना केलेली ही कोटी, पण रोगाला ती दुर्दैवाने शोभली.

या शब्दाची लेखी नोंद गोव्यातलीच आहे. 1543 साली पावसाळ्याच्या सुमारास गोव्यात मोठी साथ आली, तिचे वर्णन गास्पार कोरैया या बखरकाराने केले आहे. दिवसाला बारा-पंधरा-वीस माणसे मरत होती. चर्चच्या घंटा मेलेल्यांसाठी सारख्या वाजू लागल्या. लोक घाबरतात म्हणून गव्हर्नरने त्या वाजवणेच बंद करायला लावले. त्यानेच एका मृताचे पोट उघडून पाहण्याची आज्ञा वैद्यांना केली. आत काय सापडले? पोट कोंबडीच्या पेटीसारखे आक्रसून गेलेले, भाजलेल्या चामड्यासारखे सुरकुतलेले. बाकी काही नाही. त्या काळात, या मुलखात, रोगाचे कारण शोधण्यासाठी प्रेत उघडले गेले ही गोष्ट मला घंटांच्या हकिकतीपेक्षाही विलक्षण वाटते.

त्यानंतर वीस वर्षांनी, 1563 मध्ये, गोव्यातच छापल्या गेलेल्या आपल्या ग्रंथात गार्सिया द ओर्ता यांनी या रोगावर एक संवाद लिहिला. इथले लोक याला मोर्शी म्हणतात, आम्ही तो शब्द बिघडवून मोर्देशी करतो, असे ते प्रामाणिकपणे सांगतात. पणजीच्या चर्चसमोरच्या बागेला यांचेच नाव आहे. (मृत्यूनंतर बारा वर्षांनी इन्क्विझिशनने त्यांची हाडे उकरून जाळली. तो विषय वेगळा.) त्यांनी लक्षणे बारकाईने दिली आहेत: नाडी बुडणे, अंग गार पडणे, डोळे खोल जाणे, पेटके, उलट्या, जुलाब.

ओर्तांची मोडशी म्हणजेच आजचा कॉलरा का? बहुधा होय. पण 'बहुधा' याच्या पुढे जाता येत नाही, कारण त्या काळी रोगाचे नाव लक्षणावरून पडे. ओकारी-जुलाब होऊन माणूस मोडला की मोडशी. तीच लक्षणे आणणारी दुसरी दहा कारणे त्याच एका शब्दात बसलेली असणार. रोग कारणावरून ओळखायचा तर कारण आधी दिसायला हवे, आणि दिसल्यावर ते कोणाच्या कुळातले हेही ठरवता यायला हवे. या दुसऱ्या कामाला जो वेळ लागला तो थक्क करणारा आहे. आणि त्याचे उत्तर अखेर मिळाले ते इस्पितळात नव्हे, समुद्राच्या पाण्यात.

दिसण्याची गोष्ट तशी लवकर उरकली. 1854 साली फ्लॉरेन्सच्या साथीत फिलिप्पो पाचिनी यांनी मृतांच्या आतड्यांत वाकडे, थरथरत पळणारे जीव सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि त्यांना 'व्हिब्रियो' म्हटले. कोणी लक्ष दिले नाही. 1883 मध्ये पाचिनी वारले, आणि त्याच वर्षी रॉबर्ट कॉख आधी इजिप्तला व मग कलकत्त्याला गेले. तिथे त्यांनी तोच जीवाणू वेगळा करून वाढवला. आकारावरून त्याला 'स्वल्पविराम जीवाणू' म्हटले. कीर्ती कॉखना मिळाली. नाव मात्र शेवटी पाचिनींचे राहिले. 1965 साली आंतरराष्ट्रीय नामकरण समितीने 'व्हिब्रियो कॉलरी, पाचिनी 1854' हे अधिकृत ठरवले. मेल्यावर ब्याऐंशी वर्षांनी का होईना, न्याय झाला.

कॉखनी कलकत्त्याच्या एका तळ्याच्या पाण्यातही हा जीवाणू शोधून काढला होता. तरी पुढच्या पिढ्यांचा समज असा पक्का झाला की याचे घर माणसाचे आतडे. पाण्यात तो सापडतो तो माणसाने तिथे सोडल्यामुळे, आणि थोड्याच दिवसांत मरतो. मग समुद्रात त्याला शोधायला जाणार कोण? डॉक्टर लोक त्याला विष्ठेत शोधत. समुद्रातले जीवाणू पाहणारे वेगळेच लोक होते, मासे का कुजतात, कोणते जीव खाऱ्या पाण्यात उजेड पाडतात अशा प्रश्नांत गुंतलेले. दोघांची दालने निराळी आणि मधले दार बंद.

दाराला कुलूप होते ते वर्गीकरणाचे. कॉलऱ्याचा खरा जीवाणू ओळखण्याची एक सोपी परीक्षा होती. विशिष्ट रक्तद्रवाच्या थेंबात जीवाणू मिसळायचे. त्यांच्या गुठळ्या झाल्या तर तो 'ओ-वन', म्हणजे अस्सल. गुठळ्या झाल्या नाहीत तर आकार तोच, चाल तीच, आवडीनिवडी त्याच असल्या तरी त्याला 'गुठळ्या न होणारा' म्हणून बाहेर काढायचे. नद्या, खाड्या आणि समुद्र यांत असे 'बाहेरचे' हवे तेवढे सापडत आणि 'कॉलऱ्याचा नव्हे' असा शेरा मारून सोडून दिले जात. अस्सल असूनही नाकारला गेलेला एक प्रकारही होता. 1905 मध्ये सिनाईच्या एल तोर येथील क्वारंटीन ठाण्यावर मक्केहून परतणाऱ्या यात्रेकरूंच्या शरीरात जो सापडला, त्याला बरीच वर्षे खऱ्या कॉलऱ्याचा मान दिला गेला नाही. 1961 मध्ये इंडोनेशियाच्या सुलावेसी बेटावरून याच एल तोरने सातवी जागतिक साथ सुरू केली. ती अजून संपलेली नाही.

हे घोटाळे एकट्या कॉलऱ्याचे नव्हते. 1950 मध्ये ओसाकाला अर्धवट सुकवलेले बारीक मासे खाऊन 272 जण आजारी पडले आणि 20 दगावले. (सुक्या मासळीवर पावसाळा काढणाऱ्या आपल्या लोकांनी हे वाचून दचकू नये. ते मासे आपल्या खारवलेल्या बांगड्यासारखे कडकडीत वाळलेले नव्हते.) फुजिनो यांनी त्यातून मीठ आवडणारा एक नवा जीवाणू वेगळा केला. त्याला आधी एका वंशात घातले, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. शेवटी 1963 मध्ये साकाझाकी यांनी त्याला व्हिब्रियोंच्या घरात आणून बसवले. तेरा वर्षांत चार आडनावे! एखाद्या मुलाला चार घरी दत्तक देऊन परत आणावे तसे झाले.

असे का होई? कारण कोणता गुण मुख्य मानायचा हे शास्त्रज्ञाच्या मर्जीवर होते. एक म्हणे आकार, दुसरा म्हणे शेपटी, तिसरा म्हणे कोणती साखर आंबवतो ते. या मर्जीला पहिला मोठा शह दिला तो 1960 च्या सुमारास, आणि त्यात सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या एका तरुण विद्यार्थिनीचा मोठा वाटा होता. रीटा कोलवेल हे त्यांचे नाव. जॉन लिस्टन या प्राध्यापकांकडे त्या समुद्रातल्या आणि माशांवरच्या जीवाणूंवर काम करत होत्या. प्रत्येक जीवाणूच्या शेकडो चाचण्या करायच्या: मिठाशिवाय वाढतो का, किती उष्णता सोसतो, कोणती साखर खातो, कोणत्या औषधाने मरतो. उत्तर फक्त होय किंवा नाही. एकही गुण दुसऱ्यापेक्षा थोर मानायचा नाही. मग प्रत्येकाची प्रत्येकाशी तुलना करून किती टक्के जुळते ते काढायचे. हे हाताने करणे अशक्य. कोलवेलनी आयबीएम 650 या त्या काळच्या यंत्रासाठी स्वतः प्रोग्राम लिहिला. 1961 मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. जीवाणूंची कुळे संगणकाने लावण्याचे हे अगदी सुरुवातीचे काम.

मला या कामाचे अप्रूप वाटते ते त्यातल्या नीरसपणामुळे. 'होय', 'नाही', 'होय', 'नाही' असे महिनोन्‌महिने तक्ते भरायचे, यात नाट्य कुठले? पण हाच तक्ता पुढे व्हिब्रियोंना लावला, जोडीला दोन जीवाणूंचे डीएनए एकमेकांशी कितपत जुळते हेही पाहिले, तेव्हा 1970 मध्ये निकाल आला तो असा: साथीचा कॉलरा, एल तोर आणि 'बाहेर काढलेले' खाडीतले जीव ही सगळी एकच जात. गुठळ्यांची परीक्षा अंगावरचा सदरा ओळखत होती, माणूस नव्हे.

आता पुढचा प्रश्न टाळता येईना. जात एकच असेल तर घर कोणते? कोलवेल आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या चेसापीक उपसागरात शोध घेतला, जिथे कित्येक वर्षांत कॉलऱ्याचे नाव नव्हते. तिथे व्हिब्रियो कॉलरी सापडला. 1977 मध्ये हे प्रसिद्ध झाले तेव्हा अनेकांनी विश्वास ठेवला नाही. पण 1978 मध्ये लुइझियाना राज्यात नीट न शिजवलेले खेकडे खाऊन अकरा जणांना लागण झाली, आणि तो जीवाणू तिथल्याच किनाऱ्याचा निघाला. कुर्ल्या आवडीने खाणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे की आत पुरते शिजले पाहिजे.

घराचा पत्ताही हळूहळू कळला. ना पूर्ण गोडे, ना पूर्ण खारे असे कोमट मचूळ पाणी त्याला मानवते. नदी जिथे समुद्राला मिळते ते ठिकाण. तिथे तो बहुतेक वेळ मोकळा तरंगत नाही. कोपेपॉड म्हणजे डोळ्यांना जेमतेम दिसणारे, सुंगटांचे दूरचे भाऊबंद. त्यांच्या कवचावर तो हजारोंनी चिकटून राहतो. ते कवच कायटिनचे, आणि कायटिन हे त्याचे अन्न. थंडी पडली की तो मिटून जातो. जिवंत असतो, पण प्रयोगशाळेतल्या थाळीवर वाढत नाही. मागचे लोक त्याला थाळीवर शोधत आणि 'नाही' म्हणत, त्याचे हे एक कारण. 1980 च्या दशकात हे सगळे उलगडले.

याचा उपयोग काय, तर बांगलादेशात जुनी साडी! नवीनपेक्षा जुनी चांगली, कारण धुऊन धुऊन तिचे धागे फुलतात आणि छिद्रे बारीक होतात. चार घड्या घातलेल्या साडीतून पाणी गाळले तर जीवाणू अडत नाही, तो फार लहान. पण कोपेपॉड अडतो आणि त्याच्याबरोबर पाठीवरचे बिऱ्हाडही. मतलब भागातल्या 65 गावांत हे करून पाहिले. 2003 मध्ये निष्कर्ष आले, कॉलरा 48 टक्क्यांनी उतरला. पाणी गाळून प्यावे हे आपल्या आज्यांनी सांगितलेलेच होते, असे कोणी म्हणेल. खरे आहे, पण किती घड्या आणि कशासाठी, हे कळायला कोपेपॉड ठाऊक असावा लागतो.

वर्गीकरणाची चूक किती महाग पडू शकते हे 1992 मध्ये दिसले. मद्रासला, मग कलकत्त्याला आणि बांगलादेशात कॉलरा उसळला, पण गुठळ्यांची परीक्षा 'नाही' म्हणत होती. तोवर माहीत असलेल्या 138 प्रकारांपैकी तो एकही नव्हता. त्याला 139 क्रमांक दिला. 'बाहेरचा' माणसे मारू लागला होता. कसा, ते 1996 मध्ये वॉल्डर आणि मेकालानोस यांनी दाखवले: कॉलऱ्याच्या विषाचे जनुक मुळात जीवाणूचे नाहीच, एक विषाणू ते घेऊन त्याच्यात शिरतो. 2005 मध्ये आणखी एक गोष्ट कळली, कायटिनवर बसलेला हा जीवाणू आजूबाजूचे डीएनए आत ओढून आपलेसे करतो. म्हणजे कोपेपॉडचे कवच हे त्याचे घरही आणि बाजारही. निरुपद्रवी आणि घातक यांच्यात पक्की भिंत नाही, हे 1970 च्या तक्त्याने सुचवले होतेच.

मग साथी सगळ्या समुद्रातूनच उठतात का? इथे मी कोलवेल यांच्या बाजूने पूर्ण उभा राहणार नाही. 2010 मध्ये हैतीत कॉलरा आला तो नेपाळहून आलेल्या शांतिसैनिकांच्या छावणीतल्या मैल्यातून, आणि दोन्हीकडच्या जीवाणूंच्या जनुकीय वाचनाने ते पक्के केले. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतल्या साथीही आशियातून पुनःपुन्हा नेल्या गेलेल्या एकाच वंशाच्या, असे 2017 च्या संशोधनात दिसले. समुद्र हे कुळाचे मूळ गाव, पण गावोगावी साथ पोहोचवायला अजून माणूसच लागतो, आणि त्याला साथ देते ती नसलेली शौचालये. सगळा दोष प्लवकांवर टाकून मोकळे होणे सरकारांना सोयीचे, म्हणून हे स्पष्ट सांगायला हवे.

तरी मूळ गावाकडे लक्ष ठेवणे भाग आहे. उत्तर अटलांटिकमध्ये व्यापारी जहाजांमागे ओढलेल्या यंत्रांनी गोळा केलेले प्लवकांचे नमुने फॉर्मॅलिनमध्ये जपून ठेवलेले होते. त्यातल्या 1958 ते 2011 या काळातल्या नमुन्यांमधले डीएनए वाचून 2016 मध्ये इटलीच्या आणि इतर शास्त्रज्ञांनी दाखवले की पाणी तापत गेले तसे व्हिब्रियो वाढत गेले. मांडवी-जुवारीच्या मुखाशी, मचूळ कोमट पाण्याच्या काठावर, दोनापावला येथे आपली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. 1966 मध्ये, आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेनंतर ती स्थापन झाली. तिथून वर जुन्या गोव्यापर्यंत भरतीचे पाणी जाते. साथींनी पोखरलेले ते शहर ओसाड पडत गेले. व्हाइसरॉयने 1759 मध्ये मुक्काम पणजीला हलवला आणि 1843 मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. ओर्तांच्या काळी खाडीत कोणते व्हिब्रियो होते हे सांगणारी बाटली मात्र कोणी भरून ठेवलेली नाही.