कोरियन धनुष्याचे परदेशी चाहते

कोरियात १८९४च्या सुधारणांत लष्करी परीक्षाच रद्द झाली आणि तीत मानाचे स्थान असलेली धनुर्विद्या निराधार झाली. १८९९मध्ये प्रशियाचे राजपुत्र हाइनरिख सोलला आले. ही तिरंदाजी पाहून ते भारावले आणि त्यानंतर सम्राट गोजोंग यांनी 'ह्वांगहाकजोंग' हे धनुर्विद्येचे केंद्र उभारले, असे सांगितले जाते. पुढे जागा बदलली, पण केंद्र आजही सुरू आहे.

म्हशीचे शिंग, बांबू, तुतीचे लाकूड आणि जनावराचे स्नायूतंतू माशापासून केलेल्या सरसाने जोडून 'गाकगुंग' हे आखूड धनुष्य तयार होते. प्रत्यंचा उतरवली की ते उलट्या दिशेने वळते. दमट हवा त्याला मानवत नाही. नवख्यालाही ते सहजासहजी दाद देत नाही. प्रत्यंचा अंगठ्याने ओढायची आणि १४५ मीटरवरचे लक्ष्य वेधायचे! ऑलिम्पिकमध्ये हे अंतर ७० मीटर असते. कोरियाच्या ऑलिम्पिक पदकांच्या झगमगाटात ही मूळ विद्या जगाला जवळजवळ अपरिचितच राहिली.

ती इंग्रजी वाचकांपर्यंत नेली अमेरिकन प्राध्यापक थॉमस डुव्हर्ने यांनी. कोरियात राहून त्यांनी ती आत्मसात केली आणि २००७मध्ये निकोलस डुव्हर्ने यांच्यासह तिच्यावर ग्रंथ लिहिला. खुद्द कोरियाने तिला राष्ट्रीय अमूर्त वारशाचा दर्जा दिला तो २०२०मध्ये.