स्मृतिपट्टीचा मेळ : परभणी जिल्ह्यातील संगणकजोडणीचा पूर्वेतिहास

दोन मापांच्या मधोमध संसार करण्याची सवय परभणी जिल्ह्याला फार जुनी आहे. १९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात विलीन होईपर्यंत या मुलखाच्या पेठांत निजाम सरकारचा हाली सिक्का चालत असे आणि सरहद्दीपलीकडे इंग्रजी अमलातला कलदार. दोन्ही रुपयेच, दोन्ही राजमुद्रेचे, पण सात हाली मोजल्यावाचून सहा कलदार पदरात पडत नसत, आणि सेलू-मानवतच्या कापसाचा जो व्यापार मुंबईशी चाले त्यात हा बट्टा हिशोबात धरल्याशिवाय कोणाही सावकाराची वही जुळत नसे. रुळांचेही तेच. मनमाडपासून सिकंदराबादेस जाणारा निजामाच्या रेल्वेचा मार्ग विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर बांधला गेला तो मीटर गेजचा, आणि मनमाडला येऊन भिडणारी मुंबईची रेल्वे ब्रॉड गेजची. परिणामी मुंबईहून निघालेला प्रत्येक जिन्नस मनमाडला एका वाघिणीतून उतरून दुसरीत चढल्याखेरीज परभणीस पोहोचत नसे. नाण्यांचा तिढा १९५० च्या दशकात सुटला; रुळांचा सुटावयास १९९० चे दशक उजाडावे लागले, आणि पूर्णेहून अकोल्याकडे जाणारा मार्ग तर त्यानंतरही कित्येक वर्षे अरुंदच राहिला. ज्या काळात मनमाडचा हा मालपालट बंद झाला, नेमक्या त्याच काळात परभणीच्या पेठेत एक नवा जिन्नस येऊ लागला, ज्याचे सुटे भाग दिसावयास सारखे, बसावयास पुष्कळदा सारखे, आणि तरीही एकमेकांशी मेळ न खाणारे होते. त्या जिन्नसाचा, म्हणजे सुट्या भागांतून जोडलेल्या संगणकाचा, आणि त्याच्या सर्वांत हट्टी व्याधीचा इतिहास कोणत्याही गॅझेटियरात सापडावयाचा नाही, म्हणून तो येथे मांडण्याचा हेतू आहे.

संगणक या भागात प्रथम आला तो सरकारी वाटेने. नोव्हेंबर १९८४ मध्ये केंद्र सरकारने संगणकविषयक नवे धोरण जाहीर केले, त्यानंतर त्या दशकाच्या उत्तरार्धात राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची कार्यालये देशभरातील जिल्ह्यांच्या ठिकाणी उघडू लागली, आणि कचेरीच्या दप्तरखान्याशेजारी एखादी बंद, थंड ठेवलेली खोली दिसू लागली. ही यंत्रे नामांकित कंपन्यांची, सीलबंद. त्यांत हात घालण्याची स्थानिक माणसाला मुभा नव्हती आणि गरजही नव्हती. सर्वसामान्य परभणीकराचा संगणकाशी खरा परिचय घडला तो छपाईच्या धंद्यामुळे. श्रीलिपी आणि आकृती यांसारख्या मराठी टंकांनी खिळे जुळवणाऱ्याची जागा घेतली, लग्नपत्रिका आणि साप्ताहिके पडद्यावर जुळू लागली, आणि छापखान्याच्या मालकाला कंपनीच्या यंत्राची किंमत न परवडल्यामुळे सुटे भाग आणून यंत्र उभे करणारा एक नवा कारागीर पेठेत निर्माण झाला. पुढे २००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची स्थापना होऊन एमएस-सीआयटीचा अभ्यासक्रम सुरू झाला व सरकारी नोकरीसाठी त्या प्रमाणपत्राची अट आली, तेव्हा जिंतूर, गंगाखेड, पाथरी यांसारख्या तालुक्यांच्या गावीही ओळीने संगणक मांडलेल्या शिकवणीच्या खोल्या निघाल्या, आणि या कारागिराच्या हाती एकदम भरपूर काम आले.

माल आणावयाच्या वाटा दोन होत्या, आणि त्या दोन्ही जुन्या निजामी रेल्वेनेच आखून दिलेल्या होत्या : पश्चिमेस मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दक्षिणेस सिकंदराबादचे चिनॉय ट्रेड सेंटर. देवगिरी एक्स्प्रेस या एकाच गाडीने या दोन्ही बाजारांना परभणीशी जोडले होते. रात्रभराच्या प्रवासाने माल मिळे, हे खरे. परंतु चुकीचा आणलेला भाग परत करावयाचा तर पुन्हा तितकाच प्रवास, तितकेच भाडे आणि तितकाच दिवसांचा खाडा. मोठ्या शहरातला कारागीर नग बसला नाही तर जिना उतरून दुसरा घेऊन येतो. परभणीच्या कारागिराला ती सोय नव्हती, म्हणून कोणता नग कोणत्या मदरबोर्डाशी नांदेल याची खातरजमा गाडीत बसण्यापूर्वीच करणे त्याला भाग पडले. या जिल्ह्यातील संगणकजोडणीचे जे काही वेगळेपण आहे ते माझ्या मते या अंतरातून उपजले आहे.

सर्व भागांमध्ये अधिक छळणारा भाग म्हणजे स्मृतिपट्टी, दुकानाच्या भाषेत रॅम. याचे कारण यंत्राच्या उठण्याच्या क्रमातच आहे. कळ दाबल्यावर प्रोसेसर प्रथम मदरबोर्डावरच्या कायम चिपेत कोरलेला बायॉस नावाचा छोटा कार्यक्रम वाचू लागतो. हा कार्यक्रम स्मृतिपट्टी कोठे आहे, किती आहे, कोणत्या वेगाने बोलते याची रुजवात घेतो, आणि ती पटल्यावरच पडद्याकडे, डिस्ककडे, कळफलकाकडे वळतो. रुजवात पटली नाही तर पडदा उजळण्याची पाळीच येत नाही. पंखा फिरतो, दिवा लागतो, पण पडदा काळाच राहतो. आणि यंत्राला आपली कैफियत मांडण्यासाठी एका चिमुकल्या भोंग्याखेरीज दुसरे साधन उरत नाही. जुन्या अवॉर्ड बायॉसचे यंत्र अशा वेळी लांब भोंगा पुन:पुन्हा वाजवी, एएमआय बायॉसचे एखादे यंत्र एक लांब व तीन आखूड सूर काढी, आणि हे सूर ऐकून दुकानातला पोरगाही ‘रॅम पकडत नाही’ असा निवाडा देत असे.

पेंटियमच्या आरंभकाळात ही रुजवात पुष्कळशी मनुष्याच्याच ध्यानात ठेवण्याची बाब होती. तीस टोकांच्या जुन्या पट्ट्या ४८६ या प्रोसेसरच्या यंत्रात चार-चारच्या गटाने बसवाव्या लागत, कारण प्रत्येक पट्टी एका वेळी आठ बिट देई आणि प्रोसेसरला बत्तीस हवे असत. बहात्तर टोकांची पट्टी एकटीच बत्तीस देई, म्हणून ४८६ ला एक पुरे, पण पेंटियमची वाट चौसष्ट बिटांची असल्यामुळे तेथे तीच पट्टी जोडीने लावावी लागे. जोडीतली एक पट्टी जुन्या फास्ट पेज प्रकारची आणि दुसरी १९९५ च्या सुमारास रुळलेल्या ईडीओ प्रकारची निघाली, तर यंत्र कधी उठे, कधी मध्येच थबके, आणि दोष कशाचा हे कळेपर्यंत गिऱ्हाईक दुकानाच्या पायऱ्या झिजवी.

त्यानंतर आलेल्या १६८ टोकांच्या एसडीरॅमने एक मोठी सुधारणा केली. पट्टीवरच एक सूक्ष्म चिप बसवून तिच्यात त्या पट्टीचा आकार, वेग व वेळापत्रक यांची सनद लिहून ठेवण्याची पद्धत रूढ झाली, आणि बायॉस ती सनद वाचून आपला कारभार ठरवू लागला. इंटेलने १९९८ साली आणलेला ४४०बीएक्स हा चिपसेट या काळातला अत्यंत भरवशाचा. परंतु त्याच्याच वाट्याला एक चमत्कारिक अमेळ आला, आणि त्याचा वृत्तान्त थोडा विस्ताराने सांगण्याजोगा आहे. स्मृतीच्या पेशी उभ्या-आडव्या ओळींत मांडलेल्या असतात, आणि त्यांपर्यंत पोहोचण्यासाठी ओळीचा व स्तंभाचा क्रमांक पुकारावा लागतो. बीएक्स घडला तेव्हा जेवढ्या क्षमतेच्या चिपा बाजारात होत्या, तेवढ्यांचेच क्रमांक पुकारण्याची त्याची ताकद होती. पुढे कारखान्यांनी दुप्पट घन चिपा काढल्या, २५६ एमबीची पट्टी जेथे सोळा चिपांची होत असे तेथे आठांत होऊ लागली, स्वस्तही झाली, आणि नवा स्वस्त माल म्हणून साहजिकच लहान पेठांकडे वाहू लागला. ती बीएक्सच्या मदरबोर्डात बसवली की यंत्र उठे, काहीच तक्रार करीत नसे, मात्र पडद्यावर २५६ ऐवजी १२८ चा आकडा उमटे; उरलेल्या निम्म्या पेशींपर्यंत त्याचा पुकारा पोहोचतच नसे. गिऱ्हाईकाला वाटे दुकानदाराने फसवले, दुकानदाराला वाटे ठोक व्यापाऱ्याने फसवले, आणि वस्तुत: फसवणूक कोणाचीच नव्हती. यावर तोडगा होता तो एवढाच की पट्टी घेताना तिच्यावरच्या चिपा मोजाव्यात, आणि जुन्या यंत्रासाठी सोळांचीच मागावी. हे ज्ञान पट्टीवरच्या चिठ्ठीत लिहिलेले नव्हते. ते चुकतमाकत मिळवावे लागले, आणि एकाने दुसऱ्याच्या कानी घातले तेव्हाच ते पसरले.

नवे जोडलेले यंत्र उठत नसेल तर काय करावे याची जी रीत या धंद्यात स्थिरावली, तिच्या मुळाशी मोठा विवेक आहे. प्रथम वजाबाकी : डिस्क, सीडी, जादा कार्डे सर्व काढून टाकावयाची, आणि मदरबोर्ड, प्रोसेसर, एक पट्टी व वीजपुरवठा एवढाच ऐवज ठेवावयाचा. मग प्रोसेसरला जाणारी स्वतंत्र वीजतार खरोखर बसली आहे की नाही हे हाताने चाचपावयाचे. मग पट्टी काढून तिच्या सोनेरी कडेवरून शाळेतला खोडरबर हळुवार फिरवावयाचा, कारण परभणीच्या उन्हाळ्यातील धूळ आणि पावसाळ्यातील दमट हवा या दोहोंनी त्या कडेवर जे पूट चढते ते डोळ्यांस दिसत नाही, पण संदेश अडवते. पट्टी बसवताना दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या आपोआप मिटल्याचा आवाज आला पाहिजे. अर्धवट बसलेली पट्टी हे नव्या यंत्राच्या मौनाचे एक अत्यंत सामान्य कारण होय. त्यानंतर स्लॉट बदलावयाचा, पट्टी बदलावयाची, आणि दर वेळी एकच बदल करावयाचा. तरीही यंत्र मौन राहिले तर नाण्याएवढा सेल काढून बायॉसची जुनी आठवण पुसावयाची. पुढे डीबग कार्ड आले, त्याच्यावर दोन अक्षरी संकेत उमटू लागले, आणि अवॉर्डच्या यंत्रावर सी-वन येऊन थांबले की तपास स्मृतीपाशीच अडला आहे हे विनातक्रार कळू लागले. २००४ नंतर इंटेलच्या यंत्रांत जोडणीच्या पिना प्रोसेसरावरून निघून मदरबोर्डाच्या सॉकेटात आल्या, तेव्हापासून आणखी एक शक्यता वाढली : सॉकेटातली एखादी केसासारखी पिन वाकली तरी एका बाजूचे स्लॉट मुके होतात, आणि दोष पट्टीचा नसताना तिच्यावर आळ येतो.

या सर्व रीतीचा आधार म्हणजे प्रत्येक दुकानात जपलेली एक खात्रीची पट्टी. ती विकावयाची नसे, उसनी द्यावयाची नसे. संशयित यंत्रात ती लावून यंत्र उठले की दोषाची जबाबदारी निश्चित होई. प्रत्येक पिढीच्या स्मृतीसाठी अशी एकेक पट्टी जो बाळगी, त्याचा शब्द पेठेत प्रमाण मानला जाई, आणि तो मान मला अगदी यथार्थ वाटतो.

पुढचा इतिहास वेगाने घडला. २००० साली पेंटियम-४ बरोबर रॅम्बसची महाग स्मृती आली, तिच्यात रिकामा स्लॉटही पोकळ पट्टीने भरावा लागे. ती लवकरच मागे पडली. जेडेक या मानके ठरवणाऱ्या संस्थेने डीडीआर या स्मृतीचे मानक २००० मध्ये, डीडीआर-३ चे २००७ मध्ये, डीडीआर-४ चे २०१२ मध्ये आणि डीडीआर-५ चे २०२० मध्ये प्रसिद्ध केले. दर पिढीला विजेचा दाब अडीच व्होल्टपासून उतरत १.१ व्होल्टवर आला, आणि चुकून दुसऱ्या पिढीची पट्टी बसू नये म्हणून कडेची खाच दर वेळी सरकवण्यात आली. खाचेने पिढ्यांचा घोटाळा टळला, एकाच पिढीतला मात्र टळला नाही. केवळ एएमडीच्या यंत्रावर चालणाऱ्या, इंटेलच्या यंत्राला न उठवणाऱ्या स्वस्त पट्ट्या डीडीआर-२ च्या काळापासून बाजारात फिरल्या. २०१७ च्या मार्चमध्ये एएमडीचा रायझन हा प्रोसेसर आला तेव्हा आरंभीचे काही महिने त्याची अनेक पट्ट्यांशी कुरबूर चालली होती, आणि बायॉसच्या नव्या आवृत्त्यांनीच ती शमली. डीडीआर-५ ची तर रुजवातच दीर्घ झाली आहे : नवे यंत्र प्रथम उठताना प्रत्येक तारेची वेळ जुळवून घेते, त्यात काही मिनिटे पडदा काळा राहू शकतो, आणि या अवधीत घाबरून वीज तोडणारा मनुष्य निरोगी यंत्राला रोगी ठरवून बसतो.

आता मदरबोर्डाचे निर्माते आपापल्या संकेतस्थळांवर मान्यताप्राप्त पट्ट्यांची यादी देतात, आणि सोनपेठ किंवा पालमच्या कारागिरालाही ती मोबाइलवर वाचता येते. तथापि ती यादी हाती येण्यापूर्वीच्या सुमारे पंधरा वर्षांत या जिल्ह्यातील दुकानदारांनी जे पडताळून पाहिले, ते त्यांच्या वह्यांतच राहिले आहे. कोणत्या बोर्डाला कोणती पट्टी चालली, कोणती निम्मी दिसली, कोणती परत सिकंदराबादेस रवाना करावी लागली, अशा नोंदी असलेली एखादी जरी वही एखाद्या दुकानाच्या माळ्यावर असेल, तर तिची किंमत हाली सिक्क्याच्या काळातील कोणत्याही व्यापारी खतावणीपेक्षा उणी नाही, कारण दोहोंतही लहान पेठेने मोठ्या बाजाराशी आपला मेळ कसा घातला याचाच पुरावा आहे. मराठवाड्याच्या इतिहासाच्या अभ्यासकांनी आणि जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या संगणक विभागांनी या वह्या मिळवाव्यात, त्यांच्या नकला करून ठेवाव्यात, आणि त्या लिहिणारी माणसे आज पन्नाशी-साठीत आहेत तोवर त्यांच्यापाशी बसून त्यांचे कथन टिपून घ्यावे. आणि ज्यांच्या घरी अशी वही असेल त्यांनी ती रद्दीत घालू नये, एवढी विनंती आहे.