फोटॉनिक क्रिस्टल म्हणजे काय? मोराच्या पिसापासून फेस आयडीपर्यंत

हळद कुटली की पूड पिवळीच राहते. मिरची कुटली की लालच. पण मोराचं निळं-हिरवं पीस बारीक कुटलं तर पूड निळी होत नाही, मातकट तपकिरी होते. मग निळा रंग गेला कुठे? कुठेच नाही, कारण निळा रंग देणारा पदार्थ पिसात मुळात नव्हताच. तिथे होती फक्त एक रचना, आणि कुटल्यावर ती मोडली.

अशा रचनेलाच फोटॉनिक क्रिस्टल म्हणतात. नाव ऐकून काहीतरी प्रयोगशाळेतलं, आपल्याशी संबंध नसलेलं वाटतं. पण तुमच्या फोनमध्ये याच तत्त्वावर चालणारा एखादा भाग असण्याची शक्यता बरीच आहे. या लेखात आपण पाहूया की हे नेमकं काय असतं, कोणी शोधलं, फोनमध्ये कुठे वापरलं जातं आणि 'आता प्रकाशावर चालणारे प्रोसेसर येणार' असं म्हणणाऱ्या व्हिडिओंवर किती विश्वास ठेवायचा.

रंगद्रव्याचा रंग आणि रचनेचा रंग

हळदीतलं रंगद्रव्य पांढऱ्या प्रकाशातला निळा भाग शोषून घेतं. उरलेला परत येतो, तो आपल्याला पिवळा दिसतो. हे काम प्रत्येक रेणू स्वतंत्रपणे करतो, त्यामुळे कितीही कुटा, फरक पडत नाही.

मोराच्या पिसात वेगळा मामला आहे. २००३ मध्ये शांघायच्या फुदान विद्यापीठातल्या संशोधकांनी पिसाचे तंतू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. आत मेलॅनिनच्या अतिसूक्ष्म कांड्या जाळीसारख्या एका शिस्तीत मांडलेल्या दिसल्या. मेलॅनिन म्हणजे आपल्या केसांना काळा रंग देतं तेच. निळ्या भागात दोन कांड्यांमधलं अंतर सुमारे १४० नॅनोमीटर, हिरव्या भागात सुमारे १५०. पदार्थ तोच, अंतरात फक्त दहाएक नॅनोमीटरचा फरक, आणि रंग बदलला! आपला एक केस साधारण ५० हजार ते १ लाख नॅनोमीटर जाड असतो, यावरून अंदाज घ्या.

सरडा तर याच्या पुढे आहे. मादागास्करचा पँथर शॅमेलिअन त्वचेतल्या ग्वानिनच्या सूक्ष्म स्फटिकांमधलं अंतर चक्क कमी-जास्त करतो. शांत असताना स्फटिक जवळ असतात, चिडला की लांब जातात आणि रंग पिवळ्या-लालकडे सरकतो. जिनिव्हा विद्यापीठाच्या गटाने हे २०१५ मध्ये दाखवून दिलं.

ही रचना प्रकाश अडवते कशी?

झोपाळा आठवा. प्रत्येक वेळी योग्य क्षणी हलकासा धक्का दिला तर झोका वाढत जातो. चुकीच्या क्षणी दिला तर थांबतो. प्रकाशाच्या लहरींचंही असंच आहे.

काचेच्या एका पृष्ठभागावरून जेमतेम ४ टक्के प्रकाश परत फिरतो. आता समजा, दोन वेगवेगळ्या पदार्थांचे थर आलटून पालटून रचले: अ, ब, अ, ब, अ, ब. प्रत्येक सीमेवरून थोडा थोडा प्रकाश परतेल. 'अ' आणि 'ब' या जोडीची जाडी त्या पदार्थांतल्या तरंगलांबीच्या बरोबर निम्मी ठेवली, तर परतणाऱ्या सगळ्या लहरी एका तालात येतात. थोडं अधिक थोडं करता करता जवळपास सगळाच प्रकाश परत फिरतो. बाकी रंगांचा ताल मात्र जुळत नाही, ते सरळ आरपार जातात.

म्हणजे त्या रचनेत एका ठरावीक पट्ट्यातल्या प्रकाशाला प्रवेशच नसतो. या पट्ट्याला फोटॉनिक बँडगॅप म्हणतात. बँडगॅप हा शब्द तुम्ही बारावीच्या फिजिक्समध्ये सेमीकंडक्टरच्या धड्यात वाचला असेल. सिलिकॉनमध्ये अणू शिस्तीत रचलेले असतात, म्हणून इलेक्ट्रॉनला काही ऊर्जा निषिद्ध असतात. इथे अणूंच्या जागी शेकडो नॅनोमीटरची भोकं, थर किंवा कांड्या असतात आणि इलेक्ट्रॉनच्या जागी प्रकाश.

१९८७: दोन माणसं, एक कल्पना

थरांचा अभ्यास जुना आहे. लॉर्ड रॅले यांनी १८८७ मध्येच त्यावर काम केलं होतं. पण थरांची रचना फक्त एकाच दिशेने येणारा प्रकाश नीट अडवते. सगळ्या दिशांनी अडवता येईल का, हा प्रश्न बरोबर शंभर वर्षांनी दोघांनी स्वतंत्रपणे विचारला. न्यू जर्सीतल्या बेलकोर कंपनीत काम करणारे एली याब्लोनोविच आणि प्रिन्स्टनमधले सजीव जॉन. जॉन यांचा जन्म केरळचा, वाढले कॅनडात. १९८७ मध्ये तीन आठवड्यांच्या अंतराने दोघांचे शोधनिबंध 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स'मध्ये छापून आले.

दोघांची गरज मात्र वेगळी होती. याब्लोनोविच यांना लेसरमध्ये वाया जाणारा प्रकाश वाचवायचा होता: अणूला प्रकाश सोडायला जागाच ठेवली नाही तर तो सोडणार कसा? जॉन यांना प्रकाश एका जागी अडकवून ठेवता येतो का ते पाहायचं होतं.

चुकलेला दावा आणि भोकं पाडलेला ठोकळा

कागदावर जमलं, पण बनवायचं कसं? याब्लोनोविच यांच्या गटाने एकामागून एक नमुने बनवले. सुरुवात मायक्रोवेव्हपासून केली, कारण तिथे तरंगलांबी सेंटिमीटरमध्ये असते आणि नमुना साध्या ड्रिलने बनवता येतो. १९८९ मध्ये त्यांनी जाहीर केलं की गोल पोकळ्यांच्या एका रचनेत बँडगॅप सापडला. पुढच्याच वर्षी इतरांच्या गणितातून दिसलं की तो पूर्ण बँडगॅप नाही, काही दिशांनी प्रकाश निसटतोच.

त्याच वर्षी आयोवा स्टेट विद्यापीठातले हो, चॅन आणि सुकूलिस यांनी कॉम्प्युटरवर गणित करून सांगितलं की हिऱ्यातल्या अणूंसारखी मांडणी केली तर पूर्ण बँडगॅप मिळेल. त्या धर्तीवर याब्लोनोविच यांनी ठोकळ्यात प्रत्येक ठिकाणी तीन दिशांनी, उभ्या रेषेपासून सुमारे ३५ अंशांत तिरकी भोकं पाडली. १९९१ मध्ये तो ठोकळा चालला! सगळ्या दिशांनी बँडगॅप असलेली ही पहिली प्रत्यक्ष रचना. तिला 'याब्लोनोवाइट' असं नावच पडलं.

मी दिवसभर कोड लिहितो, म्हणून मला यातली सिम्युलेशनची बाजू विशेष आवडते. प्रयोगाची चूक गणिताने पकडली, योग्य रचना गणिताने सुचवली आणि शेवटी निकाल पुन्हा प्रयोगानेच दिला.

तुमच्या फोनमध्ये हे कुठे आहे?

आयफोनच्या फेस आयडीमध्ये. २०१७ च्या आयफोन एक्सपासून पुढच्या बाजूला एक छोटा प्रोजेक्टर आला. तो चेहऱ्यावर डोळ्यांना न दिसणारे ३० हजारांहून अधिक ठिपके टाकतो. यासाठी व्हिक्सेल नावाचे बारीक लेसर लागतात. जपानच्या केनिची इगा यांनी याची कल्पना १९७७ मध्ये मांडली होती. या लेसरच्या वर-खाली आरसे असतात, पण चांदीचे नाहीत. सेमीकंडक्टरचे अगदी पातळ थर आलटून पालटून रचलेले असतात, म्हणजे एका दिशेतलं फोटॉनिक क्रिस्टल. हा आरसा ९९ टक्क्यांहून जास्त प्रकाश परतवतो.

गंमत बघा. ९४० नॅनोमीटरच्या लेसरसाठी एक थर साधारण ६७ आणि दुसरा ७८ नॅनोमीटरचा, म्हणजे जोडी सुमारे १४५ ची. मोराच्या पिसातलं अंतरही जवळपास तेवढंच! मग मोर निळा आणि हा लेसर अदृश्य का? कारण सेमीकंडक्टरमध्ये प्रकाशाची तरंगलांबी तीन-साडेतीन पटीने आखडते, पिसात फक्त दीडेक पटीने. म्हणून अंतर सारखं असलं तरी अडणारा प्रकाश वेगळा.

एक लक्षात ठेवा, बऱ्याच अँड्रॉइड फोनचं फेस अनलॉक साध्या सेल्फी कॅमेऱ्यावर चालतं. तिथे हा प्रोजेक्टर नसतो.

कॅमेऱ्यात. अनेक फोनच्या सेन्सरपुढे इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर असतो. त्यावरही पातळ थरांची अशीच रास चढवलेली असते. घरी करून बघा: टीव्हीचा रिमोट कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. सेल्फी कॅमेऱ्यात बहुधा जांभळट ठिणगी दिसेल, मागच्या कॅमेऱ्यात कमी दिसेल किंवा दिसणारही नाही. जिथे दिसत नाही तिथला फिल्टर जास्त कडक आहे.

केबलमध्येही, आणि पिंगचं काय?

इंग्लंडमध्ये फिलिप रसेल यांच्या गटाने १९९६ मध्ये लांबीभर बारीक भोकं असलेली काचेची तार दाखवली. १९९९ मध्ये त्यांनी मधोमध पोकळ असलेली तार बनवली. तिच्यात प्रकाश काचेतून नाही, हवेतून धावतो. भोवतालची जाळी बँडगॅपमुळे त्याला बाहेर पडू देत नाही.

फायदा सोप्या हिशोबाने पाहू. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, हवेत सुमारे ३ लाख. म्हणजे १००० किलोमीटर जाऊन परत यायला काचेतून १० मिलिसेकंद, हवेतून ६.७. गेम खेळणाऱ्यांना याचं महत्त्व सांगायला नको. पण तुमच्या पिंगमधला मोठा भाग टॉवर, राउटर आणि सर्व्हरचा असतो, तो यामुळे कमी होणार नाही. शिवाय आज पुढे आलेल्या पोकळ तारांमध्ये जाळीऐवजी पातळ काचनळ्यांची वेगळी रचना असते. अशा तारा बनवणारी लुमेनिसिटी ही कंपनी मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये विकत घेतली.

प्रकाशावर चालणारा प्रोसेसर कधी?

आता त्या व्हिडिओंकडे येऊ. 'इलेक्ट्रॉनऐवजी प्रकाश, हजारपट वेगवान फोन' असं कोणी म्हणालं तर दोन प्रश्न विचारा.

पहिला, आकार किती? इंटरनेटच्या फायबरमधला प्रकाश साधारण १५५० नॅनोमीटरचा असतो. त्याला वळवणारे भाग शेकडो नॅनोमीटरपेक्षा फार लहान करता येत नाहीत. ट्रान्झिस्टर त्याहून कितीतरी लहान असतात. त्यामुळे तेवढ्याच जागेत तेवढे प्रकाशाचे 'स्विच' बसत नाहीत.

दुसरा, प्रकाश येणार कुठून? सिलिकॉन स्वतः नीट प्रकाश देत नाही, त्यासाठी वेगळा पदार्थ लागतो.

याचा अर्थ सगळी हवाच आहे असं नाही. चिपमधून चिपकडे डेटा न्यायला प्रकाश उत्तम आहे. लेसरमध्येही खरी प्रगती होते आहे: क्योटो विद्यापीठाच्या सुसुमु नोदा यांच्या गटाने २०२३ मध्ये ३ मिलिमीटर व्यासाच्या फोटॉनिक क्रिस्टल लेसरमधून सलग ५० वॉट प्रकाश काढून दाखवला. गाड्यांच्या लायडारसाठी आणि धातू कापण्यासाठी असे लेसर उपयोगी पडू शकतात. फोनचा मुख्य प्रोसेसर मात्र अजून इलेक्ट्रॉनवरच चालणार.

थोडक्यात

फोटॉनिक क्रिस्टल हा एखादा खास पदार्थ नाही, ती पदार्थाची मांडणी आहे. अंतर बदललं की अडणारा प्रकाश बदलतो, मांडणी मोडली की गुण संपतो. म्हणून पुढच्या वेळी 'नवा चमत्कारी पदार्थ' अशी बातमी आली की आधी बघा: पदार्थ नवा आहे, की जुन्याच पदार्थाची रचना नवी आहे? बातमी किती मोठी आहे हे बरेचदा तिथेच कळतं.