अंगात बसलेले भय



माणूस घाबरला म्हणजे आपण मराठीत काय म्हणतो, ते जरा आठवून पाहा. पोटात गोळा आला, छातीत धडकी भरली, घशाला कोरड पडली, हातपाय गळाले, बोबडी वळली. भय हे मनाचे, असे आपण समजतो. पण बोलताना त्याची जागा दाखवतो ती पोटात, छातीत, हातापायांत. आपल्या आजीपणजीच्या बोलीत जे सहज येऊन गेले, ते वैद्यकशास्त्राला पटायला मात्र फार मोठी किंमत मोजावी लागली. तीच हकिकत आज सांगायची आहे.

१९१४ साली युरोपात पहिले महायुद्ध पेटले. शिपाई चिखलाने भरलेल्या खंदकांत दिवसचे दिवस बसून राहत आणि डोक्यावर तोफगोळे फुटत. पळावे तर पळता येत नाही, लढावे तर शत्रू डोळ्यांना दिसत नाही. अशा स्थितीत एक चमत्कारिक दुखणे दिसू लागले. अंगावर जखम नाही, पण कोणाचे हात सारखे थरथरताहेत, कोणाची वाचा गेली आहे, कोणाचे पाय लुळे पडले आहेत. आपले वाक्प्रचार तेथे अक्षरशः खरे होत होते. १९१५ साली डॉ. चार्ल्स मायर्स यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात अशा रोग्यांची माहिती छापली आणि 'शेल शॉक', म्हणजे तोफगोळ्याचा धक्का, हे नाव सर्वतोमुखी झाले. ब्रिटिश सैन्यात असे रोगी सुमारे ८०,००० झाले, असे सांगतात.

अनेक अधिकाऱ्यांना हा रोग वाटेना. हा भेकडपणा वाटे. पलायन, भेकडपणा अशा आरोपांवरून ब्रिटिश व साम्राज्याच्या सैन्यातील ३०६ शिपायांना आपल्याच सैन्याच्या गोळ्या खाव्या लागल्या. त्यांत आजारी माणसेही होती, हे पुढे मान्य झाले आणि २००६ साली ब्रिटनने त्यांना माफी दिली. माफी आली तेव्हा नव्वद वर्षे लोटली होती! इस्पितळांतही सारे सौम्य नव्हते. लंडनमध्ये डॉ. लुइस यीलँड मुक्या झालेल्या शिपायांच्या घशाला विजेचे झटके देत. वाचा पुष्कळदा परत येई. पण ती धाकाने आलेली वाचा होती.

याच काळात स्कॉटलंडमध्ये, एडिंबरोजवळ क्रेगलॉकहार्ट येथे आजारी अधिकाऱ्यांसाठी एक इस्पितळ होते. तेथले डॉ. रिव्हर्स रोग्याला बोलते करून त्याच्या मनातले ओझे हलके करीत. त्यांचे सहकारी डॉ. आर्थर ब्रॉक यांची वाट निराळी होती. ते रोग्याला अंथरुणातून उठवून लांब फिरायला धाडीत, शेतावर कामाला लावीत, शाळेत मुलांना शिकवायला पाठवीत. ते ग्रीक पुराणातल्या अँटियस राक्षसाची गोष्ट सांगत. अँटियसचे पाय धरणीमातेला लागले की त्याच्या अंगात बळ येई. हर्क्युलिसने त्याला जमिनीवरून उचलले, तेव्हाच तो हरला. ब्रॉक म्हणत, माझे रोगी असेच जमिनीपासून तुटलेले आहेत. त्यांचे पाय पुन्हा जमिनीला लागले पाहिजेत.

कवी विल्फ्रेड ओवेन हा १९१७ साली ब्रॉक यांचाच रोगी होता. त्याने इस्पितळाचे मासिक चालवले, शाळेत शिकवले आणि तो सावरला. पण बरे करायचे ते पुन्हा आघाडीवर पाठवण्यासाठी! ४ नोव्हेंबर १९१८ रोजी, युद्ध थांबायला एक आठवडा उरला असता, तो लढाईत पडला.

ब्रॉक यांच्या उपायामागचे एक कारण अमेरिकेतल्या वॉल्टर कॅनन यांच्या संशोधनात सापडते. समजा, रानातून जाताना अचानक बिबट्या पुढे आला. त्या क्षणी मूत्रपिंडावरच्या ग्रंथी रक्तात एक रस सोडतात. काळीज जोराने चालते, रक्त स्नायूंकडे धावते, पचन थांबते. शरीर लढायला किंवा पळायला सज्ज होते. हे कॅनन यांनी १९१५ साली ग्रंथरूपाने मांडले. बिबट्या गेला की शरीर हळूहळू निवते. पण खंदकातला शिपाई लढूही शकत नव्हता, पळूही शकत नव्हता. पुढे तो घरी आला, तरी त्याच्या शरीराच्या लेखी बिबट्या समोरच उभा!

मग शरीरालाच सांगायचे कसे, की बाबा रे, संकट टळले? शिकागोचे डॉ. एडमंड जेकबसन यांनी १९२९ साली याची एक रीत पुस्तकात दिली. हाताची मूठ आवळावी, ताण ओळखावा, मग सैल सोडावी. असे एकेक करून सर्वांगाचे स्नायू सैल सोडायला शिकावे. आपल्याकडे शवासन याच जातीचे. थकवा जावा आणि चित्ताला विसावा मिळावा म्हणून ते करावे, असे जुन्या हठयोगाच्या ग्रंथांतच म्हटले आहे. त्याच्याकडे शास्त्राच्या दृष्टीने पाहण्याची सोय महाराष्ट्रात झाली. १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्याला कैवल्यधाम काढले आणि आसन-प्राणायामाची प्रयोगशाळेत तपासणी सुरू केली. पुढे मुंबईत डॉ. दाते यांनी कैवल्यधामच्या डॉ. विनेकरांसह रक्तदाबाच्या ४७ रोग्यांना शवासन शिकवले. अनेकांचा दाब उतरला, काहींचे औषध कमी करता आले. हा अहवाल १९६९ साली छापून आला.

जुन्या आघाताच्या दुखण्यावर २०१४ साली अमेरिकेतून असाच एक अहवाल आला. डॉ. बेसेल व्हॅन डर कोल्क यांनी इतर उपचारांनी बऱ्या न झालेल्या ६४ स्त्रिया घेतल्या. काहींना दहा आठवडे, आठवड्यातून एकदा योगासने शिकवली. बाकीच्यांना आरोग्याची माहिती दिली. शेवटी योगाच्या ३१ पैकी १६ जणींत त्या दुखण्याची पुरती लक्षणे उरली नाहीत. दुसऱ्या गटात २९ पैकी ६ जणींत. म्हणजे उपाय गुणकारी आहे, पण रामबाण नाही. निम्म्या बायकांचे दुखणे राहिलेच.

शिक्षक बंधुभगिनींनो, यातून आपण काय घ्यावे? पूर येतो, घर पडते, रस्त्यावर अपघात होतो. नंतर वर्गातले एखादे पोर दार वाजले तरी दचकते, फळ्यापुढे उभे राहिले की त्याची वाचा बसते. त्याला 'भित्रा' म्हणू नका. त्या शब्दाने काय केले, ते आपण ऐकलेच. त्याचे पाय जमिनीला लागू द्या. बागेला पाणी घालणे, खेळणे, सावकाश श्वास सोडणे, जे त्याला रुचेल ते करू द्या. डोळे मिटून पडून राहण्याची सक्ती नको. एखाद्याला त्यानेच भय वाढते. महिना उलटूनही झोप, जेवण ताळ्यावर येत नसेल, तर डॉक्टरांकडे न्या. सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला देते.

भय अंगात शिरायला एक क्षण पुरतो. ते निघायला दिवस लागतात. तेवढे दिवस त्या पोराला आपण दिले पाहिजेत.